क्षमेचा वृक्ष

प्रेम आणि नवजीवन हे दोन शब्द एकत्र उच्चारले कीं आपल्या डोळ्यांपुढें वसंत उभा राहतो. आंब्याचा मोहोर, कोकिळेचें कूजन आणि विशीतलीं दोन माणसें, असा ठरलेला देखावा कवींनीं आपल्या मनांत कायमचा मांडून ठेवला आहे. त्या देखाव्यांत पांढऱ्या केसांना जागा नसते. फार तर एखादा वृद्ध दूर पारावर बसून तरुणांना आशीर्वाद देत असलेला दाखवितात. नवें होण्याचा हक्क तारुण्याचा, वार्धक्यानें जुनें तेवढें जपावें, अशी ही समजूत आहे. ती कितपत खरी आहे ह्याचा विचार मी आज आपणांपुढें एका परदेशीय गायकाच्या उदाहरणानें करणार आहें.

ह्या गायकाचें नांव जॉन प्राइन. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत, शिकागो शहराजवळच्या मेवुड ह्या गांवीं १० ऑक्टोबर १९४६ रोजीं त्याचा जन्म झाला. स्वतः रचलेल्या नव्या गीतांचा त्यानें हयातींत प्रसिद्ध केलेला शेवटचा संग्रह १३ एप्रिल २०१८ रोजीं निघाला, तेव्हां तो एकाहत्तर वर्षांचा होता. 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस', म्हणजे क्षमेचा वृक्ष, हें त्या संग्रहाचें नांव. आजच्या भाषणाचा मथळा मीं तेथूनच घेतला आहे.

इंग्रजींत ज्याला सिंगर-साँगरायटर म्हणतात त्याच्या जवळ जाणारें एक फार जुनें नांव आपल्याकडे आहे, तें म्हणजे वाग्गेयकार. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' ह्या ग्रंथांत ह्या शब्दाची फोड केली आहे. वाक् म्हणजे शब्दरचना, गेय म्हणजे स्वररचना. हीं दोन्ही जो स्वतः करतो तो वाग्गेयकार. त्याच्या अंगीं कोणते गुण असावे ह्याची एक लांबलचक यादी शार्ङ्गदेव देतो. व्याकरणाचें आणि छंदांचें ज्ञान हवें, ताल-लयीची जाण हवी, गळा हृदयंगम हवा, हें आपणांस सहज पटतें. परंतु त्याच यादींत रोष आणि द्वेष यांचा त्याग, अंतःकरणाची आर्द्रता, औचित्याची जाण आणि दुसऱ्याच्या उष्ट्या शब्दांना न शिवण्याचा बाणा हेही गुण तो घालतो. गायकाचा गळा आणि गायकाचें मन ह्या दोहोंची परीक्षा त्यानें एकाच ठिकाणीं मांडली. प्राइनचें चरित्र वाचतांना ही यादी मला वारंवार आठवते. कारण तींतला एक गुण दैवानें त्याच्यापासून मध्येंच हिरावून घेतला, आणि उरलेल्या गुणांवर त्याला पुढची वाट चालावी लागली.

त्याचे आरंभीचे दिवस अगदीं साध्या माणसाचे आहेत. चौदाव्या वर्षीं थोरल्या भावानें त्याला गिटार शिकविली. पुढें सक्तीच्या सैन्यभरतींत त्याला जावें लागलें आणि पश्चिम जर्मनींत लष्करी मोटारींच्या दुरुस्तीचें काम त्याच्या वांट्यास आलें. परत आल्यावर तो शिकागोच्या उपनगरांत टपाल वांटूं लागला. रोजचा तोच रस्ता, तींच घरें, त्याच पेट्या. हात पत्रें टाकीत आणि डोकें मोकळें राही. त्या मोकळ्या डोक्यांत तो गाणीं रचीत असे. १९७० सालीं शिकागोंतील एका लहानशा गायनगृहांत रॉजर ईबर्ट ह्या चित्रपट-समीक्षकाच्या कानीं त्याचें गाणें पडलें, आणि त्यानें 'शिकागो सन-टाइम्स' पत्रांत ह्या गाणाऱ्या टपालवाल्यावर लेख लिहिला. दुसऱ्याच वर्षीं त्याची पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली.

त्या मुद्रिकेंतील 'हॅलो इन देअर' ह्या एका गाण्याचा येथें मुद्दाम उल्लेख करतों. एक वृद्ध पतिपत्नी घरांत बसलीं आहेत. मुलें मोठीं होऊन पांगलीं, एक मुलगा कोरियाच्या युद्धांत गेला, आणि आतां दोघांना एकमेकांशीं बोलण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं. रस्त्यानें जातांना अशीं माणसें दिसलीं तर त्यांना नुसतें पाहून पुढें जाऊं नका, दोन शब्द बोला, अशी विनंति करून गाणें संपतें. हें रचणारा पंचविशीही न गांठलेला तरुण होता. लहानपणीं तो एका मित्राबरोबर वर्तमानपत्रें टाकण्यास जाई, त्या फेरींत एक वृद्धाश्रम होता. तेथील कांहीं म्हातारे हा पोरगा पेपरवाला नसून आपला नातू भेटीस आला आहे असें शेजाऱ्यांना भासवीत, अशी आठवण त्यानें सांगितली आहे. त्या पोरानें तें पाहिलें, विसरला नाहीं, आणि दहाएक वर्षांनीं त्याचें गाणें झालें. शार्ङ्गदेवानें सांगितलेली आर्द्रता ती हीच.

आतां त्याच्या स्वातंत्र्याविषयीं. १९७१ ते १९८० ह्या काळांत प्राइनच्या सात मुद्रिका निघाल्या, चार अटलांटिक कंपनीकडून आणि तीन असायलम कंपनीकडून. जाणत्यांनीं त्या वाखाणल्या, पण कंपन्यांच्या हिशेबांत तो मोठा गायक कधींच ठरला नाहीं. ह्या धंद्याची सर्वसाधारण रीत अशी कीं, कंपनी गायकाला आगाऊ पैसे देते, ध्वनिमुद्रणाचा खर्च करते आणि तो सारा त्याच्या वांट्याच्या उत्पन्नांतून वळता करून घेते. मूळ मुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. कोणतें गाणें केव्हां निघावें, मुळीं निघावें कीं नाहीं, हेंही पुष्कळदां तीच ठरविते. १९८१ सालीं प्राइननें हा मार्ग सोडला आणि आपला व्यवस्थापक अ‍ॅल ब्युनेटा व डॅन आइनस्टाइन यांच्यासह 'ओ बॉय रेकॉर्ड्स' ही स्वतःची लहानशी कंपनी काढली. १९८४ सालीं तिनें 'एमलेस लव्ह' ही मुद्रिका काढली. पुढच्या गीतसंग्रहाचा खर्च निघावा म्हणून त्याच्या श्रोत्यांनीं त्याला टपालानें आगाऊ पैसे पाठविले होते. आपल्याकडे गेल्या शतकाच्याही आधीं आगाऊ वर्गणीदार मिळवून ग्रंथ छापीत आणि त्या आश्रयदात्यांची नांवें पुस्तकाच्या शेवटीं देत, त्याच जातीचा हा व्यवहार होता. एके काळीं दुसऱ्यांचीं पत्रें दारोदार पोंचविणारा हा मनुष्य आतां आपलीं गाणीं टपालानेंच लोकांच्या घरीं पोंचवूं लागला.

स्वातंत्र्य फुकट मिळत नाहीं. मोठ्या कंपनीची जाहिरात नाहीं, दुकानांतून पसरलेलें जाळें नाहीं, आणि तोटा आला तर तो आपलाच. पण ह्या किंमतींत एक वस्तु हातीं येते, ती म्हणजे वेळ. १९९१ च्या 'द मिसिंग इयर्स' ह्या त्याच्या संग्रहास लोकगीत-वर्गांतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें; २००५ च्या 'फेअर अँड स्क्वेअर' लाही तें मिळालें. त्यानंतर स्वतःच्या नव्या गीतांचा संग्रह यावयास तब्बल तेरा वर्षें लागलीं. इतकी वाट पाहणारी कंपनी कोठें सांपडली असती? ती स्वतःची होती म्हणूनच थांबली.

ह्या वाटचालीच्या मध्येंच तो आघात झाला. १९९८ सालीं प्राइनच्या मानेच्या उजव्या बाजूस कर्करोग असल्याचें आढळून आलें. मोठी शस्त्रक्रिया झाली. मानेचा कांहीं भाग काढावा लागला, जिभेकडे जाणाऱ्या कांहीं मज्जातंतु तुटल्या. पुढें सहा आठवडे किरणोपचार चालले, त्यांत लाळग्रंथींस इजा झाली. बोलणें सुद्धां पुन्हा शिकावें लागलें. पुनः व्यासपीठावर उभें राहण्यास सुमारें एक वर्ष लागलें. आणि जो आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. तो खालीं उतरलेला, खरखरीत, खडीवरून गाडी जावी तसा होता.

येथें आपल्यापैकीं कांहीं रसिक म्हणतील कीं, आतां ह्या मनुष्यानें गाणें सोडावयास हवें होतें. फुटक्या घागरींत पाणी भरण्याचा अट्टाहास कशाला? हा आक्षेप हलका नाहीं. आपल्या संगीतांत गळ्याची केवढी तपश्चर्या सांगितली आहे! शार्ङ्गदेवाच्या यादींतही हृदयंगम आवाज आहेच, हें मीं आरंभीं सांगितलें. केवळ सहानुभूति म्हणून बेसूर गाणें ऐकून घ्यावें असें मीही म्हणणार नाहीं. दुःख भोगलें एवढ्यानें कला श्रेष्ठ होत नाहीं.

परंतु येथें दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या पाहिजेत. ख्यालगायनांत स्वर हा राजा आणि शब्द हा त्याचा सेवक असतो. वाग्गेयकाराच्या ह्या साध्या गीतांत शब्द आणि स्वर हे दोघे एकाच जूंवाखालीं चालतात; स्वर लंगडला तर शब्द त्याला सांभाळून नेऊं शकतो. दुसरी गोष्ट प्राइननें स्वतःच सांगितली आहे. आवाज उतरल्यामुळें त्याला आपलीं जुनीं गाणीं खालच्या पट्टींत गावीं लागलीं, आणि पट्टी बदलतांच वर्षानुवर्षें गाइलेलीं तीं गाणीं त्याला नव्यानें भेटलीं. तारुण्यांतला आपला आवाज त्याला कधींच फारसा आवडला नव्हता; हा नवा आवाज त्याला अधिक आपुलकीचा वाटला. पंचविशीच्या आंत त्यानें रचलेलें वृद्धांचें तें गाणें आतां खरोखरच एका वृद्धाच्या कंठांतून येऊं लागलें. शब्द तेच, चाल तीच. पण पूर्वीं जें दुसऱ्याचें दुःख म्हणून गाइलें जाई तें आतां गाणाऱ्याच्या वयाला येऊन मिळालें. नवजीवन म्हणजे गेलेलें परत मिळणें नव्हे. गेलें तें गेलें असें मान्य करून, उरलें त्याची पट्टी ओळखून पुन्हा सूर लावणें, एवढाच अर्थ मला त्यांत दिसतो.

आजारानंतर त्यानें पहिला संग्रह काढला तो १९९९ सालीं, 'इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्ज' ह्या नांवाचा. हीं सारीं प्रेमाचीं आणि संसाराचीं गाणीं आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक त्यानें निरनिराळ्या स्त्रीगायिकांबरोबर जोडीनें गाइलीं आहेत. दुबळ्या झालेल्या आवाजाला सोबत घेऊन उभें राहण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. बहुतेक गीतें जुनीं, इतरांचीं. शीर्षकगीत तेवढें प्राइनचें स्वतःचें. आयरिस डिमेंट हिच्याबरोबर गाइलेल्या ह्या गीतांत एक नवरा आणि एक बायको एकमेकांच्या खोडी, सवयी आणि विक्षिप्तपणा मोठ्या मिस्किलपणें चव्हाट्यावर मांडतात, आणि तरीही आपलें बरें चाललें आहे अशी ग्वाही देतात. त्यांत चंद्र नाहीं, चांदणें नाहीं. पंचवीस वर्षें संसार केलेल्या कोणत्याही जोडप्यानें ऐकावें आणि एकमेकांकडे पाहून हंसावें असें तें गाणें आहे. संग्रहांत साथ देणाऱ्यांत एक आवाज त्याच्या पत्नीचा, फिओना हिचा आहे. ही आयरिश स्त्री त्याला १९८८ सालीं डब्लिन येथें भेटली आणि १९९६ सालीं त्यांचा विवाह झाला. म्हणजे लग्नानंतर दोन वर्षांच्या आंत तिला नवऱ्याच्या उशापाशीं बसावें लागलें.

२०१३ सालीं संकट पुन्हा आलें. ह्या वेळीं कर्करोग डाव्या फुफ्फुसांत होता, आणि पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्याचा दम वाढावा म्हणून व्यायामोपचारकानें त्याला एक विलक्षण शिस्त लावली. घरांतल्या जिन्यावरून धांवत वर जावयाचें, खालीं यावयाचें, आणि धाप लागलेली असतांनाच गिटार हातीं घेऊन दोन गाणीं म्हणावयाचीं. साठी उलटलेला मनुष्य धापा टाकीत जिना चढतो आहे आणि प्रेमाचें गाणें म्हणतो आहे, हें चित्र कोणा कवीच्या वसंतवर्णनांत सांपडणार नाहीं. सहा महिन्यांनीं तो पुन्हा दौऱ्यावर निघाला.

आणि मग क्षमेचा वृक्ष. २०१५ सालीं ब्युनेटा वारल्यावर कंपनीचा आणि त्याच्या कार्यक्रमांचा भार पत्नीनें व मुलानें उचलला. एके दिवशीं त्या दोघांनीं त्याला सांगितलें कीं आतां नवा संग्रह झाला पाहिजे. नुसतें सांगून तीं थांबलीं नाहींत. नॅशव्हिलमधल्याच एका हॉटेलांत त्यांनीं त्याच्यासाठीं खोल्या घेतल्या. तेथें तो आठवडाभर राहिला, आणि बरोबर होत्या तीन-चार गिटारी व अर्धवट लिहून ठेवलेल्या गीतांच्या पेट्या. कित्येक वर्षांचे सुटे कागद, कोठें दोन ओळी, कोठें नुसता एक शब्द! त्या पेट्यांतून दहा गाण्यांचा संग्रह उभा राहिला. बिलबोर्ड ह्या अमेरिकन पत्राच्या खपाच्या यादींत तो पांचव्या स्थानापर्यंत चढला. जवळजवळ पन्नास वर्षांच्या कारकीर्दींत इतकें वरचें स्थान त्याला पूर्वीं कधींच लाभलें नव्हतें.

त्यांतलें एक प्रेमगीत आपलें प्रेम आजच भेटलें असें सांगतें. विशीतल्या मुलानें तें म्हटलें असतें तर आपण कौतुकानें ऐकून विसरून गेलों असतों. सत्तरी उलटलेल्या, दोनदां मरणाच्या दारावरून परतलेल्या माणसाच्या तोंडीं 'आज' ह्या शब्दाला निराळेंच वजन येतें. त्याला तो दिवस मोजून मिळालेला असतो. 'समर्स एंड' हें दुसरें गीत दुरावलेल्या माणसाला हांक मारणारें आहे. हांक मारणारा चुका काढीत नाहीं, अटी घालीत नाहीं. दार उघडें आहे एवढेंच कळवितो. आणि शेवटचें गीत स्वर्गाचें आहे. स्वर्गांत गेल्यावर आपण काय काय करूं ह्याचा बेत हा मिस्किल म्हातारा सांगतो. देवाचे आभार मानावयाचे, पुन्हा वाद्यवृंद जमवावयाचा, शस्त्रक्रियेनंतर सोडावी लागलेली सिगारेट मनसोक्त ओढावयाची, आणि एक जलशाचें गृह काढावयाचें. त्या गृहाचें नांव क्षमेचा वृक्ष. ज्यांनीं ज्यांनीं आपलें वाईट केलें त्या सर्वांना तेथें क्षमा करावयाची. निवडक टीकाकारांना सुद्धां आमंत्रण द्यावयाचें. आईबापांचीं आणि गेलेल्या आप्तांची तेथेंच भेट व्हावयाची.

हा विनोद आहे, पण पोकळ नाहीं. प्रेम जुनें होतें तें वयामुळें होत नाहीं. मनांत साठविलेल्या हिशेबांमुळें होतें. कोणी केव्हां काय बोललें, कोणी मान दिला नाहीं, कोणी वांटणींत फसविलें, ह्या नोंदी आपण वर्षानुवर्षें जपून ठेवतों आणि म्हातारपणीं एकट्यानें वाचीत बसतों. प्राइनची पेटी अर्धवट गाण्यांची होती. आमच्या पेट्या बहुधा अशा नोंदींच्या असतात. शार्ङ्गदेवानें रोषद्वेषत्याग हा गुण गायकासाठीं सांगितला, पण ज्याला उतारवयांत पुन्हा सूर लावावयाचा आहे अशा प्रत्येक माणसास तो लागू आहे.

ह्या कथेला गोड शेवट लावण्याचा मोह मी टाळणार आहें. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली आणि ७ एप्रिल रोजीं नॅशव्हिल येथें त्या आजारानें प्राइनचा अंत झाला. दोन शस्त्रक्रियांतून वांचलेला मनुष्य सांथींत गेला. त्याचें शेवटचें ध्वनिमुद्रित गाणें, 'आय रिमेंबर एव्हरीथिंग', त्याच वर्षीं मृत्यूनंतर प्रसिद्ध झालें आणि पुढच्या वर्षीं त्याला दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. तेव्हां नवजीवन म्हणजे मरणावरचा उतारा नव्हे, हें उघड आहे. १९९८ नंतर त्याला बावीस वर्षें मिळालीं आणि त्यानें तीं वाया घालविलीं नाहींत, इतकेंच म्हणतां येईल. हेंही विसरूं नये कीं केवळ मनोनिग्रहानें हें घडलें नाहीं. उत्तम वैद्यकीय मदत, हातीं असलेला पैसा, स्वतःची कंपनी आणि पाठीशीं उभें राहिलेलें घर, हीं सारीं त्याला लाभलीं. ज्यांना हीं लाभत नाहींत त्यांना प्राइनचा दाखला देऊन टोंचणें हा अन्याय होईल.

परंतु ह्या चार गोष्टींपैकीं एक बहुतेकांच्या आवाक्यांतली आहे, ती म्हणजे घर. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत वडीलधाऱ्यांची आबाळ होते असें मी म्हणत नाहीं. औषध वेळेवर मिळतें, जेवण पथ्याचें मिळतें, आणि 'आतां तुम्ही स्वस्थ बसा' हें वाक्य अत्यंत प्रेमानें उच्चारलें जातें. पण त्या प्रेमळ वाक्यानेंच कित्येकांचीं अर्धवट गाणीं पेटींत राहून जातात. कोणाची एखादी वही असते, कोणाच्या हातीं जुनी कला असते, कोणाला दुरावलेल्या भावास पत्र लिहावयाचें राहिलेलें असतें. फिओना आणि तिच्या मुलानें त्याला स्वस्थ बसविलें नाहीं. त्यांनीं पेट्या उचलल्या, खोली घेतली आणि त्याला कामाला लावलें. उतारवयांतील माणसावर प्रेम करण्याची हीही एक पद्धत आहे, आणि ती औषधाइतकीच आवश्यक आहे.

तेव्हां श्रोतेहो, हें भाषण संपल्यावर घरांतल्या वृद्ध माणसाजवळ घटकाभर बसा. प्रकृति कशी आहे हें रोजच विचारतां. आज एवढें विचारा कीं, करावयाचें काय राहिलें आहे? आणि उत्तर मिळालें तर त्यासाठीं लागणारी पेटी माळ्यावरून आजच खालीं काढून द्या.